बंब येईपर्यंत गावाने काय करायचे?



पुणतांब्याच्या शिवारात तोडणीला आलेला ऊस पेटतो तो बहुधा भर दुपारी. वरच्या लोंबत्या तारा वाऱ्याने एकमेकींना घासतात, ठिणगी पाचटात पडते आणि बघता बघता फड तडतडू लागतो. मग फोन जातो कोपरगाव नाहीतर श्रीरामपूरला, किंवा साखर कारखान्याला. तिथून निघालेला बंब शिवरस्त्याने बांधापर्यंत पोचेस्तोवर गडीमाणसे ओल्या फांद्यांनी आग झोडपत असतात, कोणी फवारणीचा पंप पाठीवर घेतलेला असतो. हे त्यांना कोणी शिकवलेले नसते.

राज्याच्या अग्निशमन सेवेचे प्रशिक्षण सांताक्रूझच्या विद्यानगरीत चालते. तिथला जवान सहा महिने घाम गाळून तयार होतो. कायदाही आहे: महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006. त्यानुसार इमारतीच्या मालकाने वा भोगवटादाराने दर जानेवारी आणि जुलैत परवानाधारक एजन्सीचे प्रमाणपत्र, म्हणजे ‘नमुना ब’, सादर करायचे. तरतूद चोख आहे. पण भिंतीवरच्या अग्निशामक सिलिंडरची पिन ओढून नळी ज्वाळेच्या बुडाशी धरायची, हे त्याच्याखाली रोज बसणाऱ्या किती जणांना ठाऊक असते? सहा किलोच्या सिलिंडरमधली पावडर पंधरा-वीस सेकंदांत संपते. तेवढ्यात सूचना वाचायला वेळ कुठला!

9 जानेवारी 2021 ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातल्या आगीत दहा नवजात बाळे गेली. राज्यभरातल्या रुग्णालयांच्या अग्निसुरक्षा तपासणीचे आदेश निघाले. त्याच वर्षी 6 नोव्हेंबरला आमच्या जिल्ह्यात, नगरच्या जिल्हा रुग्णालयातल्या कोरोना अतिदक्षता विभागात आग लागली, अकरा रुग्ण दगावले. दोन्ही दुर्घटनांमध्ये पुरते दहा महिनेही नव्हते. तपासणीचा आदेश आणि तपासणीचा उपयोग यांत किती अंतर राहते, ते याच जिल्ह्याने पाहिले आहे.

14 एप्रिल 1944 च्या मुंबई गोदीतील स्फोटात कामी आलेल्या 66 जवानांच्या स्मरणार्थ 14 ते 20 एप्रिल अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. प्रात्यक्षिके होतात, ती बहुतेक शहरांत. यंदाच्या सप्ताहात एक दिवस पुणतांब्याच्या बाजारतळावर द्यावा. आशाताई, शाळेचे शिक्षक, वायरमन, मंदिरांचे सेवेकरी, हॉटेलवाले अशा वीस-पंचवीस जणांच्या हाती खरा सिलिंडर द्यावा, खरी आग विझवून घ्यावी आणि दर जुलैत त्यांची पुन्हा उजळणी घ्यावी. गावातल्या कोणत्या इमारतींचा ‘नमुना ब’ आला आणि कोणाचा राहिला, ती यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लागली, तर चार माणसे थांबून वाचतीलही.

– एक वाचक, पुणतांबा