खाडीचा देखावा विकणे आहे

गव्हाण म्हणजे गोठ्यातली ती लांबट जागा, जिच्यात वैरण टाकतात. जनावर दावणीला बांधलेलं असतं आणि मालक टाकील तेवढं खातं. पनवेल तालुक्यातल्या गव्हाण गावाला हे नाव कशावरून पडलं ते गावातली म्हातारी माणसं सांगतील. आम्हाला एवढंच म्हणायचंय की या गव्हाणीत गेली पन्नास वर्षं वैरण पडतेय. दावणीला कोण बांधलंय आणि चरून कोण जातंय, हे एकदा जवळ जाऊन बघा.

दोस्तांनो, जाहिरात तुमच्याही मोबाईलवर आलीच असेल. उलव्यात वन बीएचके. खाडीचा देखावा. अटल सेतू जवळ, विमानतळ दारात, गव्हाण स्टेशन चालत. तुम्ही ती दोनदा वाचली, बायकोला दाखवली, मग कॅलक्युलेटर काढला. लाजू नका, आम्हीही काढला होता. गोवंडीच्या, रमाबाई नगरच्या, चेंबूरच्या दहा बाय बाराच्या खोलीत ज्यांनी पाच माणसांच्या पायाशी बसून बारावीचा अभ्यास केला, त्यांना खिडकीतून पाणी दिसणारं घर हवंसं वाटलं तर त्यात काय चुकलं? आयुष्यभर गटार दिसलं, आता खाडी दिसू दे. 'चळवळीतल्या पोरांना फ्लॅटचा मोह सुटला' असं म्हणणाऱ्या, स्वतः बंगल्यात राहणाऱ्या विचारवंतांना आम्ही दारातूनच परत पाठवतो. घर हा आमचा हक्क आहे. मुद्दा वेगळा आहे. ज्या जमिनीवर ते घर उभं राहतंय तिचा व्यवहार कुणाकुणात झाला, आणि त्या व्यवहारात आपली माणसं कुठल्या रकान्यात आहेत?

१९७० साली सिडको आली. ठाणे, पनवेल, उरण पट्ट्यातली ९५ गावं नव्या मुंबईसाठी कागदावर घेतली. भातशेती गेली, मिठागरं गेली, बापजाद्यांनी खारबंदिस्ती करून समुद्राच्या तोंडातून काढलेली जमीन मातीमोल भावानं गेली. माणसं गप्प बसली नाहीत. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला उरण तालुक्यात शेतकरी रस्त्यावर आले, पोलिसांनी गोळ्या घातल्या, पाच जण पडले. त्या लढ्याचे नेते दि. बा. पाटील. त्या रक्तातून १९९० साली साडेबारा टक्क्यांची योजना आली: घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकाला परत. त्यातलेही पावणेचार टक्के सार्वजनिक सोयींसाठी कापले जातात, हातात पडतात पावणेनऊ. म्हणजे चाळीस गुंठ्यांचा एक एकर गेला तर साडेतीन गुंठे येतात. हे कुणी दान दिलेलं नाही. आगरी शेतकऱ्यांनी ते मरून मिळवलंय, आणि त्या हुतात्म्यांपुढे आमची मान झुकलेलीच राहील.

पण दोस्तांनो, योजनेचं माप बघा. माप सातबारा. ज्याचं नाव सातबाऱ्यावर, त्याला भूखंड. जेवढा उतारा मोठा, तेवढा तुकडा मोठा. आता आम्हाला सांगा, शून्याचे साडेबारा टक्के किती?

या जिल्ह्याला १९८१ पर्यंत कुलाबा म्हणायचे. याच जिल्ह्यात महाडचं तळं आहे. याच जिल्ह्यात खोतानं कुळांना पिळलं, चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून वर्षानुवर्षं जमिनी पडीक ठेवून संप केला, आणि १७ सप्टेंबर १९३७ ला बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करायचं बिल मांडलं. पुढं कुळकायदा आला, कसणारा मालक झाला. चांगलं झालं. पण कसणारा म्हणजे कोण? ज्याचं नाव कुळ म्हणून कागदावर लागलं तो. बांधावर चिखल टाकणारा, कापणीला येणारा, मिठाच्या पाट्या वाहणारा, मेलेलं ढोर ओढणारा, तो कुळ नव्हता. तो नुसता होता. खोताच्या वहीत त्याचं नाव नाही, तलाठ्याच्या दप्तरात नाही, मग सिडकोच्या यादीत कुठून येणार? जमीन घेतली तेव्हा त्याचीही मजुरी गेली, सरपण गेलं, गुरचरण गेलं. पण प्रकल्पग्रस्त कोण, ते कागदानं ठरवलं. भूमिहीनाला काही मिळवायचं तर वेगळा अर्ज, वेगळा मोर्चा आणि वेगळी वीस वर्षं. पूर्वी गावकूस दगडामातीचं असायचं. आता ते कागदाचं आहे. बौद्धवाडा, कातकरवाडी अजून त्याच्या बाहेरच आहे.

कोळ्यांची गत बघा. खाडीचा सातबारा कुणाच्या नावावर असतो? शेव्याच्या कोळ्यांना बंदरासाठी उठवून हनुमान कोळीवाड्यात नेऊन टाकलं आणि तिथली घरं वाळवीनं पोखरली. बंदरासाठी भराव पडला, खारफुटी गेली, भरतीच्या पाण्याची वाट अडली. तेव्हा पारंपरिक मच्छीमार राष्ट्रीय हरित लवादाकडे गेले. लवादानं २७ फेब्रुवारी २०१५ ला १,६३० मच्छीमार कुटुंबांना ९५ कोटी १९ लाख रुपये भरपाई द्यायचा आदेश दिला. त्यात गव्हाण कोळीवाडाही होता. आकडा ऐकून डोळे दिपतात. भागाकार करा: एका घराला पाच लाख चौऱ्याऐंशी हजार. पिढ्यान्‌पिढ्यांच्या खाडीची ही किंमत, आणि तीही आधी आदेशात, मग अपिलात, मग कधी हातात. आता त्याच खाडीचा नुसता देखावा फ्लॅटच्या भावात घालून विकतात. ज्यानं खाडी जगवली त्याला भरपाईसाठी कोर्टाच्या पायऱ्या, आणि ज्यानं खिडकी बसवली त्याला चौरस फुटामागे जादा दर!

म्हणाल, मग सरकारी घरं आहेत की. आहेत ना. २०२२ च्या दिवाळीत सिडकोनं उलवे भागात, बामणडोंगरी आणि खारकोपरला, ७,८४९ घरांची सोडत काढली. आर्थिक दुर्बलांसाठी, प्रधानमंत्र्यांच्या नावाच्या योजनेतली. अट काय, तर कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न तीन लाखांच्या आत. बामणडोंगरीच्या घराची किंमत काय, तर सुमारे पस्तीस लाख. आता गंमत ऐका. अडीच लाखांचं अनुदान वजा करा, अडीच लाख बायकोचे दागिने मोडून भरा, उरले तीस लाख. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांचं कर्ज घेतलं तर महिन्याचा हप्ता सव्वीस हजार. आणि अटीप्रमाणे तुमची कमाई महिना पंचवीस हजारांच्या वर जाता कामा नये! म्हणजे हप्ता भरण्याइतकं कमावलं की तुम्ही गरीब नाही, आणि गरीब असाल तर हप्ता भरू शकत नाही. ही अट कुठल्या शहाण्यानं लिहिली त्याचा सत्कार करायला पाहिजे. ओरड झाल्यावर किंमत सुमारे सहा लाखांनी उतरवली. उत्पन्नाची मर्यादाही सहा लाखांवर नेली, म्हणजे ज्याला परवडतं त्यालाच गरीब म्हणायचं ठरलं. जानेवारी २०२५ मध्ये नव्या योजनेचे भाव जाहीर झाले तेव्हा बामणडोंगरीचं दुर्बलांचं घर ३१ लाख ९० हजारांना होतं. अनुसूचित जातीसाठी राखीव घरं असतात, हो. आरक्षण घरात आहे, भावात नाही.

मग आपला माणूस काय करतो? तो गावठाणाच्या कडेला जातो. तिथं स्वस्तात मिळतं. या इमारतींचीही गोष्ट सरळ नाही. गावांची कुटुंबं वाढली, गावठाण काही सरकारनं वाढवलं नाही, म्हणून लोकांनी संपादित जमिनीवर घरं बांधली. 'गरजेपोटीची घरं' म्हणतात त्यांना. ती गरज खरी आहे, आणि ती नियमित करायचे शासन निर्णय २०२२ आणि २०२४ साली निघालेसुद्धा. पण त्या गरजेच्या आडून बिल्डर घुसला. खाली मालकाचं घर, वर चार मजले विक्रीला. नोटरीचा कागद, रोख पैसे, 'सगळे असंच घेतात' हे आश्वासन. घेणारा कोण? वॉचमन, रिक्षावाला, कंत्राटी सफाई कामगार, आपला मावसभाऊ. नव्या मुंबईतच, दिघ्यात, २०१५ साली ९९ बेकायदा इमारतींवर उच्च न्यायालयाचा बडगा आला, तेव्हा बिल्डर पैसे घेऊन कधीच गेला होता. रस्त्यावर बसली ती घेणाऱ्यांची बायकापोरं. सातबारा नाही म्हणून ज्याला विकायला काही नव्हतं, त्याच्याकडे कागद नाही म्हणून विकत घेतलेलंही उरत नाही.

आणि पैसे असले, कागद चोख असले, तरी?

आमच्या संपादक मंडळातला एक जण गेल्या पावसाळ्यात बायकोला घेऊन उलव्याच्या एका साईट ऑफिसात गेला. बँकेत नोकरी, कर्ज मंजूर. दलालानं सरबत पाजलं. देखावा दाखवला. मग सहज विचारल्यासारखं, 'सर, आडनाव?' ह्यानं सांगितलं. 'गाव कुठलं?' तेही सांगितलं. दलालाचा चेहरा बदलला नाही, तेवढी तालीम असते त्यांना. म्हणाला, 'सर, या विंगमध्ये सगळे व्हेज लोक आहेत, तुम्हालाच अवघडल्यासारखं होईल. मागची विंग बघा.' मागच्या विंगेतून खाडी दिसत नव्हती.

च्यायला, जिथं कोळणीनं निवट्या आणि चिंबोऱ्या विकल्या त्या खाडीच्या काठावर मासळीच्या वासाची अडचण! आणि हे लोक सांगणार की शहरात जात उरली नाही. जात उरलीय, तिनं फक्त लिफ्ट लावून घेतली.

१२ जानेवारी २०२४ ला अटल सेतू सुरू झाला. मोटारीला एका फेरीचा टोल अडीचशे रुपये ठेवला. मोटरसायकलला, रिक्षाला, ट्रॅक्टरला त्यावर मज्जाव. समुद्रावरचा रस्तासुद्धा तुमची ऐपत विचारूनच वर घेतो. ज्यांच्या गावात हा पूल उतरतो त्यांच्या पोरांकडे असते बाईक.

आमचं म्हणणं स्पष्ट आहे. शासनानं या पट्ट्यातल्या भूमिहीनांची, मिठागर मजुरांची, कातकऱ्यांची आणि खाडीवर जगणाऱ्या कोळ्यांची गाववार यादी करावी, आणि ती सातबारा बघून नाही, राबणं आणि राहणं बघून करावी. त्या यादीतल्या प्रत्येकाला याच जागेत, खाडीच्या याच काठाला घर द्यावं, त्यांच्या कमाईला झेपेल त्या हप्त्यात. गावठाणाच्या इमारती नियमित करताना मालकाचंच नाव लावू नका, आत राहणाऱ्याचंही लावा. आगरी, कोळी दोस्तांना आमचं सांगणं, तुमच्या लढ्यात आम्ही होतो आणि राहू. पण तुमच्या बांधावर जो राबला त्याचं नाव तुमच्या निवेदनात एकदा तरी येऊ द्या.

आणि तुम्ही, जे घर घ्यायला निघालात, ते घ्या. पण बयाणा देण्याआधी सिडको, मूळ मालक आणि बिल्डर यांचा त्रिपक्षीय करार मागा, महारेराचा नंबर स्वतः तपासा, भोगवटा प्रमाणपत्र बघितल्याशिवाय राहायला जाऊ नका. मूळ मालक कोण ते कागदावर वाचलंत की गव्हाणला उतरा आणि त्याच्या शेतावर कोण राबायचं तेही विचारा. आडनाव विचारलं तर मोठ्यानं सांगा, आणि का विचारलं ते लेखी मागा.

आमच्या त्या मित्रानं मागच्या विंगेतलं घर घेतलं नाही. पुढच्या विंगेसाठी अर्ज केलाय, उत्तर अजून आलेलं नाही. परवा त्यानं घरी मोबाईलवर फोटो दाखवला तेव्हा त्याची आई बराच वेळ ते पाणी बघत बसली. मग म्हणाली, 'खाडी दारात हाय म्हणतोस, मग म्हावरं शिजवू देत्याल ना रे तिथं?'