तेल नवे, वायसर जुना!

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे तूप-हळदीने मळायचे, ही आपली जुनी रीत. वर्षभर जू वाहणाऱ्या खांद्याची ती विचारपूस. आता बऱ्याच गोठ्यांत बैल राहिला नाही, ट्रॅक्टर आला. त्याचा खांदा म्हणजे मागची गिअरपेटी. तिची विचारपूस आपण कशी करतो? जुने तेल काढतो, महागाचे नवे ओततो आणि फिल्टर, वायसर, पॅकिंग मात्र तेच ठेवतो. वर म्हणतो, "अजून चांगलंय की, कशाला बदलायचं!"

हे वाक्य मीही बोललेलो आहे, म्हणूनच लिहितो. काही वर्षांमागे मे महिन्यात खळ्यावरच गिअरपेटीचे तेल बदलले. खालच्या ड्रेन प्लगचा तांब्याचा वायसर चेपलेला दिसत होता, तरी तोच आवळून बसवला. हायड्रॉलिकचा कागदी फिल्टर डिझेलने धुऊन परत घातला. पैसे वाचवले म्हणून मनात खूशही झालो. पुढे ऐन चिखलणीत लिफ्ट उचलेना. रोटाव्हेटर चिखलात, ट्रॅक्टर बांधाला आणि भाताची रोपे तरव्यात पिवळी पडायला लागलेली. मिस्त्री आला, त्याने बघितले. तेल थेंब थेंब गळून पातळी उतरली होती आणि फिल्टरचा फाटका कागद पंपाच्या वाटेत जाऊन बसला होता. पंप गेला, चार दिवस भाड्याचा ट्रॅक्टर लावावा लागला तो खर्च वेगळा. बैल गेला आणि झोपा केला, दुसरे काय!

यातली गोम समजून घ्यायला हवी. आपल्याकडच्या बऱ्याच ट्रॅक्टरांत गिअर, डिफरन्शियल आणि लिफ्ट यांना एकच तेल असते. ब्रेक तेलात बुडालेले असतील तर त्यांनाही तेच तेल. म्हणजे गिअरच्या दातांची झीज, चिखलणीत शिरलेले पाणी, सगळे त्याच तेलात फिरते. ते अडवायला मधे एकटा फिल्टर उभा. तो तुंबलेला ठेवून नवे तेल ओतणे म्हणजे गाळाने भरलेल्या विहिरीत टँकर रिकामा करण्यासारखे आहे.

म्हणून आमचे म्हणणे सरळ आहे. तेल बदलाल तेव्हा कागदी फिल्टर नवाच घाला. तारेची जाळी असेल तर ती धुऊन चालते, पण फाटलेली नसावी. ड्रेन प्लगचा वायसर, फिल्टरची रबरी रिंग आणि उघडलेल्या झाकणाचे पॅकिंग एकदा दाबले गेले की त्यांचे काम संपले. जुन्या पॅकिंगवर सिलिकॉन थापून भागवू नका. त्याचा सुटलेला तुकडा आतच फिरतो. तेलही मिळेल ते नको, ट्रॅक्टरच्या पुस्तकात लिहिलेल्या ग्रेडचेच हवे. बुडीत ब्रेकच्या ट्रॅक्टरला साधे गिअर ऑइल चालत नाही.

जुने तेल काढताना त्याच्याकडे नीट बघा. दुधाच्या चहासारखे दिसले तर आत पाणी शिरले आहे. सील तपासल्याशिवाय नवे तेल ओतू नका. प्लगला चुंबक असेल तर त्यावरची बारीक राखाडी पूड ही रोजची झीज. पण टोचणारे तुकडे सापडले तर थांबा आणि मिस्त्रीला बोलवा.

मग घरी काम करूच नये का? तसे मुळीच नाही. सपाट जागा, लिफ्ट खाली टेकवलेली, इंजिन बंद, चाकांना दगड, एवढे पाळले तर तेल, फिल्टर, वायसर हे घरचेच काम. मात्र ट्रॅक्टर मधून खोलणे, क्लच किंवा पंप उघडणे हे जाणकाराचेच. तिथे हौस नको.

"सामान महाग आहे" ही तक्रार खोटी नाही. पण २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला आणि गिअरबॉक्स, क्लच, हायड्रॉलिक पंप अशा ट्रॅक्टरच्या बऱ्याच भागांवरचा १८ वरून ५ टक्के. तेव्हा दुकानदाराकडून पक्के बिल मागून घ्या, कर किती लावला ते वाचा. बिल असले तर नकली मालाबद्दल भांडताही येते.

आता दोन शब्द गावच्या कारभाऱ्यांसाठी. अनुदानातून उभ्या राहिलेल्या अवजार बँकांत ट्रॅक्टर दहा हातांत फिरतो आणि देखभाल कोणाचीच नसते. तिथे एक वही ठेवा. किती तास चालला, तेल कधी बदलले, कोणता भाग नवा घातला, हे तीन रकाने पुरेत. ग्रामसभेत ती वही मागायला कोणी लाजू नये. आयटीआयमध्ये ट्रॅक्टर मेकॅनिकचा अभ्यासक्रम आहे. तिथल्या पोरांना पावसाळ्याआधी एक दिवस गावात बोलवा, चार ट्रॅक्टर सगळ्यांसमोर करून दाखवू द्या. काढलेले काळे तेलही ओढ्यात किंवा विहिरीकाठी जाता कामा नये. २०१६ च्या नियमांप्रमाणे तो घातक कचरा आहे. पंचायतीने एक पिंप ठेवावे आणि भरले की परवानाधारकाकडे द्यावे.

बैल दुखला तर निदान पाय ओढत चालायचा, आपल्याला कळायचे. ट्रॅक्टर काही सांगत नाही, नेमका पेरणीच्या दिवशी बसतो. तेव्हा यंदा तेलाचा डबा आणायला तालुक्याला जाल, त्याच फेरीत फिल्टर आणि वायसरही घेऊन या.