ऑनलाइन प्रशिक्षण आवडले, पण हात बसला का?
कर्जत-खालापुरातल्या तुमच्या वाडीवर येणारी आशाताई आणि आरोग्य केंद्रातली सिस्टर आता काही विषय मोबाइलवरही शिकतात. २०२० मध्ये कोविडसाठी केंद्र सरकारने ‘आयगॉट-दीक्षा’वर असेच प्रशिक्षण सुरू केले होते. प्रवास वाचतो, धडा पुन्हा पाहता येतो, समाधान वाटणारच. पण प्रशिक्षण जोखण्याच्या प्रसिद्ध कर्कपॅट्रिक पद्धतीत समाधान ही चारपैकी पहिलीच पायरी आहे. पुढे ज्ञान, कामातला बदल आणि परिणाम.

भातलावणीत साप चावला, तर रुग्णाचे रक्त काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत २० मिनिटे न हलवता ठेवून ते गोठते का, हे पाहतात. व्हिडिओ पद्धत दाखवतो. हात सरावानेच बसतो.

म्हणून रुग्ण कल्याण समितीत जरूर विचारा : प्रत्यक्ष सराव कधी झाला?