अंकल स्क्रूजचा खजिना कुणाच्या तिजोरीत?

मुलांच्या खेळण्यांना घरात फार तर माळ्यावर जागा मिळते. मुले मोठी झाली, की ती कुणाला तरी देऊन टाकली जातात आणि त्याची फारशी हळहळ कुणाला वाटत नाही. व्हिडिओ गेमच्या वाट्याला तर तेवढीही आस्था येत नाही. ‘डोळे बिघडतात’ आणि ‘अभ्यास बुडतो’ या दोन वाक्यांत आपण त्या विषयाची बोळवण करतो. पण एखादा जुना गेम पुन्हा उघडून पाहिला, तर ती बोळवण किती घाईची होती, ते कळते.

‘डक टेल्स’चेच पाहा. आज ज्यांची मुले शाळेत जातात, अशा आई-बाबांना हे नाव वेगळे सांगायला नको. नव्वदच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी ही मालिका हिंदीतून लागे. कोट्यधीश, चिक्कू आणि तरीही प्रेमळ असा हा बदक-काका कार्ल बार्क्स या चित्रकाराने १९४७ साली कॉमिकसाठी जन्माला घातला. अमेरिकेत त्याची मालिका १९८७ मध्ये सुरू झाली. आणि १९८९ मध्ये जपानच्या कॅपकॉम कंपनीने निंटेंडोच्या यंत्रासाठी तिच्यावर गेम काढला. आपल्याकडे बहुतेक घरांत त्या यंत्राच्या स्वस्त नकलाच पोहोचल्या. टीव्हीला वायर जोडायची, कॅसेट खोचायची आणि चित्र आले नाही, तर फुंकर मारून पुन्हा खोचायची!

कार्टूनवरचे गेम त्या काळी सर्रास नावाच्या जोरावर खपवले जात. हा तसा नव्हता. अ‍ॅमेझॉनचे जंगल, ट्रान्सिल्व्हेनियाचा वाडा, आफ्रिकेतील खाणी, हिमालय आणि चंद्र, या पाच ठिकाणांपैकी आधी कुठे जायचे, ते खेळणाऱ्याने ठरवायचे. अंकल स्क्रूजच्या हातातली काठी हेच त्याचे शस्त्र आणि तीच त्याची स्प्रिंग. तिच्यावर टुणटुण उड्या मारत तो काट्यांवरून आणि शत्रूंच्या डोक्यांवरून जातो. खेळ अर्धवट साठवून ठेवायची सोय नव्हती. जीव संपले, की पुन्हा पहिल्यापासून. म्हातारपण, काठी आणि हिऱ्यांचा हव्यास एवढ्याच सामग्रीतून एका माणसाचा, म्हणजे बदकाचा, स्वभाव उभा करणारी ही रचना आजही ताजी वाटते. हिरोशिगे तोनोमुरा यांनी रचलेली चंद्रावरची धून तर त्या यंत्राच्या मोजक्या सुरांतून निघालेली. तरी जगभरचे वादक ती अजून पेटीवर, गिटारवर, वाद्यवृंदात वाजवतात. आणि हे सगळे मावले होते कुठे? आजच्या मोबाइलवरच्या एका छायाचित्राहूनही कमी जागेत.

२०१३ मध्ये हा गेम नव्या रूपात आला. चित्रे हाताने काढलेली, संगीत नव्याने बांधलेले आणि स्क्रूजचा आवाज मालिकेतल्याच अ‍ॅलन यंग यांचा, वयाच्या ९३ व्या वर्षी दिलेला. काम देखणे झाले. मात्र मधूनमधून लांबलचक संवाद आले आणि मूळची चपळाई थोडी हरवली. खरा धक्का पुढे होता. ऑगस्ट २०१९ मध्ये हा नवा गेम ऑनलाइन दुकानांतून काढून घेण्यात आला. ज्यांनी आधी विकत घेतला होता, त्यांच्याकडे राहिला. इतरांना पैसे मोजायची तयारी असूनही तो ऑनलाइन मिळेना. मार्च २०२० मध्ये तो परत आला खरा, पण जसा अचानक गेला, तसाच अचानक.

इथे आपल्याला आपल्याच सिनेमाची आठवण यायला हवी. १९३१ चा ‘आलम आरा’ हा आपला पहिला बोलपट. आज त्याची एकही प्रत उपलब्ध नाही. पुढच्याच वर्षीचा, प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ मात्र आजही पाहता येतो. एक वाचला, एक गेला. जपण्याची व्यवस्था वेळेवर उभी राहिली नाही, की काय जगेल, ते असे नशिबावर राहते. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले १९६४ साली. तोवर कितीतरी मूकपट कायमचे गेले होते. सिनेमालाही एके काळी ‘टाइमपास’च समजत होते ना?

गेमच्या बाबतीत आपण तीच चूक पुन्हा करत आहोत. अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या २०२३ मधील अभ्यासानुसार, तिथे २०१० पूर्वी निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के गेम बाजारात मिळतच नव्हते. ग्रंथालयांना जुने गेम अभ्यासकांसाठी दुरूनही खुले करता यावेत, ही मागणी तिथल्या कॉपीराइट कार्यालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये फेटाळली.

कुणी म्हणेल, माल कंपनीचा, ठेवायचा की काढायचा, ते तिने ठरवावे. हक्क कंपनीचाच असू द्या. पुस्तकाचा हक्कही लेखक-प्रकाशकांकडे असतोच. पण आवृत्ती संपली, म्हणून ग्रंथालयातली प्रत कुणी उचलून नेत नाही. गेमसाठी एवढीच मागणी आहे. आणि कंपन्यांनी मनावर घेतले, तर ते जमतेही. २०१७ मध्ये कॅपकॉमने ‘डक टेल्स’सह डिस्नेच्या कार्टूनांवरचे सहा जुने गेम मूळ रूपात, जुन्या चित्रांच्या आणि संगीताच्या संग्रहासह एकत्र काढले. त्यात चुकलेली उडी मागे नेऊन पुन्हा मारायची सोयही दिली. नवे रूप जरूर द्यावे, पण शेजारी मूळही असू द्यावे.

तोवर घरात आपण एवढे तरी करू या. माळ्यावर एखादी जुनी कॅसेट असेल, तर ती फेकू नका. मुलांना शेजारी बसवा आणि जुना खेळ त्यांच्या हाती द्या. तीनदा हरल्यावर चौथ्यांदा पहिल्यापासून सुरू करण्यात काय गंमत असते, ते त्यांना सांगावे लागणार नाही. अंकल स्क्रूजच्या अफाट तिजोरीत सगळ्यात जपून ठेवलेली वस्तू कोणती, तर त्याने कमावलेले पहिले नाणे. किंमत अवघी दहा सेंट. ते का जपायचे, हे त्या चिक्कू म्हाताऱ्याला कळते. आपल्यालाही कळायला हरकत नाही.