सैनिकांच्या घरातील घोर कोण ऐकणार?

सातारा जिल्ह्यातील अपशिंगे गावाने पहिल्या महायुद्धात ४६ जवान गमावले, हे आपण अभिमानाने सांगतो. परंतु ज्या घरातील कर्ता पुरुष आज सीमेवर आहे, त्या घरात मागे राहिलेली पत्नी, वृद्ध मातापिता आणि मुले यांच्या मनःस्थितीची वास्तपुस्त करण्याची तजवीज मात्र आपण अद्याप केलेली नाही.

मे २०२५ मध्ये पाकिस्तानशी संघर्ष पेटला, तेव्हा आमच्या शेजारच्या, नवरा सीमेवर असलेल्या सुनेने मोबाइल देव्हाऱ्यापुढे ठेवून अहोरात्र बातम्या पाहिल्या. १० मे रोजी शस्त्रसंधी झाली, दोन दिवसांनी नवऱ्याचा फोनही आला. तथापि जूनमध्ये शाळा उघडल्यावर तिचा सात वर्षांचा मुलगा रात्री अंथरूण ओले करू लागला आणि तिची स्वतःची झोप जी उडाली ती परत आली नाही. तालुक्याच्या डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. वडीलधाऱ्यांनी ‘फौजीच्या बायकोनं घट्ट राहायचं असतं’ असे बजावले. आणि तिकडे त्याच्या जिवाला घोर नको म्हणून तिने नवऱ्याला यातले अवाक्षर कळू दिले नाही. अशा मौनाला आपण धैर्य म्हणतो, हा त्या बाईवर अन्याय आहे.

सरकारने काहीच केले नाही, असे माझे म्हणणे नाही. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात १ डिसेंबर २०२३ रोजी सैन्यदलांसाठी ‘टेली-मानस’ या फोनवरून मानसिक आधार देणाऱ्या सेवेचा स्वतंत्र कक्ष सुरू झाला, व १४४१६ हा त्या सेवेचा राष्ट्रीय क्रमांक सर्वांना खुला आहे. पण दोन खोल्यांच्या घरात, सासूसासऱ्यांच्या देखत, अनोळखी माणसापुढे फोनवर मन मोकळे करणे किती जणींना साधेल? लष्करी रुग्णालये तर पुणे, खडकी, देवळाली अशा छावण्यांतून. गावाकडच्या बाईला ती दूरच.

हा प्रश्न लष्कराचा आहे, असे म्हणून जिल्हा प्रशासनाला हात झटकता येणार नाहीत, कारण ही कुटुंबे छावणीत नव्हे, आपल्या गावांत राहतात, आणि त्यांच्यासाठी राज्याचे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. निवृत्तिवेतनाचे कागद, शिष्यवृत्तीचे अर्ज, वसतिगृहातील प्रवेश ही कामे तेथे होतात. तेथेच मराठी बोलणारी एक प्रशिक्षित समुपदेशक बाई नेमावी, तिने ठरल्या वारी तालुक्याच्या गावी बसावे, आणि सैनिकांच्या मुलामुलींच्या वसतिगृहांतील अधीक्षकांना मुलांच्या मनाची दुखणी ओळखण्याचे शिक्षण द्यावे.

१९४९ पासून दरवर्षी ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन पाळला जातो, आणि त्याच्या निधीसाठी सरकारी कचेऱ्यांना उद्दिष्टे ठरवून दिली जातात. त्या निधीतून ही नेमणूक करता येत असेल तर त्यातून, नसेल तर राज्याच्या तिजोरीतून, पण येत्या ध्वजदिनापूर्वी ती व्हावी, अशी माझी जिल्हाधिकाऱ्यांस आग्रहाची विनंती आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, जि. सातारा