पोफळी तोडण्याआधी चाकावरची खोली बनवून बघा



आज पिकाचं नाही, पण वाडीचंच बोलतोय.

अष्टागरापासून श्रीवर्धनपर्यंत सध्या जो तो पर्यटकांसाठी खोल्या बांधतोय. मार्च २०२० मध्ये मांडव्याची रो-रो सुरू झाली, आता मुंबईची गाडी थेट आपल्या किनाऱ्यावर उतरते. चार पैसे मिळतात, त्यात गैर काहीच नाही. पण खोलीला जागा कुठून काढतो आपण? पोफळी तोडून.

हिशोब करा. पोफळीचं अंतर साधारण ९ बाय ९ फूट. न्हाणीघर धरून ३०० चौरस फुटांची खोली म्हणजे जवळजवळ चार झाडांची जागा कायमची गेली. वाट आणि गाडी लावायची जागा वेगळीच. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. पोफळ धरायला पाच-सात वर्षं लागतात, म्हणजे त्यानंतर लावलेली रोपं आत्ता कुठे हाताशी येताहेत. तीच तोडायची?

माझं मत, आधी एक टिअरड्रॉप ट्रेलर बनवून बघा. थेंबाच्या आकाराचा छोटा डबा, आत दोघांची झोपायची जागा, मागचं झाकण उचललं की ओटा. अमेरिकेत १९३० च्या दशकापासून लोक हा घरच्या घरी बनवतात, कारण ८ बाय ४ च्या एका प्लायमध्ये त्याची एक बाजू निघते. दोन पत्रे एकावर एक ठेवून एकदम कापले की दोन्ही बाजू सारख्या येतात.

माझा पुतण्या सध्या शेडमध्ये असाच एक बनवतोय. त्याच्याकडे बघून सांगतो, पुस्तकातला नमुना आपल्याकडे जसाच्या तसा चालणार नाही.

पहिलं, तो कपाटासारखा नाही, होडीसारखा बांधा. आयएस ७१० चा मरीन प्लायच घ्या. १२ मिलीमीटरचा एक पत्रा २३-२५ किलो भरतो. सांधे आणि कडा फायबर-रेझिनने बंद करून घ्या. हे काम आपल्या बंदरांवर होड्या दुरुस्त करणाऱ्या कारागिरांना चांगलं जमतं. पाणी शिरतं ते बहुधा मागच्या झाकणाच्या सांध्यातून, तिथे रबर आणि पन्हळ दोन्ही हवं. सांगाडा गॅल्व्हनाइज करा, खारा वारा साध्या रंगाला जुमानत नाही.

दुसरं, खेळती हवा. आपल्या एप्रिल-मेच्या उकाड्यात बंद डब्यात माणूस शिजेल. दोन्ही बाजूंना जाळीच्या खिडक्या आणि छताला पंखा हवाच. शेगडी फक्त बाहेरच्या ओट्यावर. झोपायच्या जागेत गॅस कधीच पेटवायचा नाही.

तिसरं, वजनाचा तोल. एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार जोडणीच्या कडीवर यायला हवा. ४०० किलोचा ट्रेलर असेल तर ४० ते ६० किलो. मागे जास्त भार गेला की रस्त्यावर ट्रेलर शेपटी हलवतो आणि गाडीही ओढून नेतो.

आता कायदा. मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे ट्रेलर हेही वाहनच, रस्त्यावर आणायचा तर नोंदणी लागते. म्हणून पत्रा कापण्याआधी आरटीओत जाऊन विचारा. राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आलं, कॅरॅव्हॅन पर्यटनाचं २०२१ मध्ये. पाहुण्यांकडून भाडं घ्यायचं तर पर्यटन खात्याची नोंदणी बघा. आणि चाकं आहेत म्हणजे सीआरझेड लागत नाही, असं धरून चालू नका.

ट्रेलर उभा करायचा तो खळ्यात किंवा वाडीच्या कडेला. माडाखाली अजिबात नाही, वरून नारळ पडला तर छत जाईल, माणूसही जाईल. टेकूखाली जांभ्याचा चिरा ठेवा, म्हणजे ओल्या जमिनीत रुतणार नाही. संडास एकच, घराजवळ, विहिरीपासून लांब. जून ते सप्टेंबर ट्रेलर शेडमध्ये. वादळाचा इशारा आला तर हलका डबा उलटतो, तेव्हा आत ओढून बांधून ठेवा.

यातून कोणी श्रीमंत होणार नाही. पक्क्या खोलीइतकं भाडं मिळणार नाही, कुटुंबवाले पाहुणे यात मावणार नाहीत. पण धंदा नाही जमला तर ट्रेलर विकता येतो, जमीन होती तशी राहते. तोडलेली पोफळ मात्र पुन्हा सात वर्षं मागते.

कृषी विद्यापीठातल्या मित्रांना एक प्रश्न: वाडीत वाहनं फिरल्याने जमीन दबते, त्याचा पोफळीच्या वरवरच्या मुळांवर किती परिणाम होतो, आणि बुंध्यापासून किती फूट सोडावेत? ज्यांनी मोजलंय त्यांनी खाली जरूर लिहा.