रस्त्याचे पैसे मंजूर कोण करतं?

परवा पुतण्याचा फोन आला. "काका, बेल्याकडच्या आपल्या रस्त्याचं आमदारांना सांगू का?" सांग की, म्हटलं, आमदार जिल्हा परिषदेत पदसिद्ध सदस्य असतातच. पण रस्ता परिषदेचा असेल तर आधी आपल्या मंडलाचा झेडपीटीसी गाठ. मंडलातून तो एकच निवडून जातो.

परिषदेच्या सात स्थायी समित्या असतात. अंदाजपत्रक नियोजन व वित्त समितीपुढे येतं, रस्ते-इमारती बांधकाम समितीपुढे. शेतीची वेगळी, शिक्षण-आरोग्याची वेगळी.

खरी अडचण कागदाची. विषयपत्रिका तेलुगूत. माझी पिढी तेलुगू फडाफडा बोलते, वाचताना मात्र अडखळते. मग यादीत आपला रस्ता होता की नव्हता, हे बैठक उरकल्यावर कळतं! तुम्ही पोरं तर शाळेतच तेलुगू शिकलात.

जुलै २०२४मध्ये सदस्यांची मुदत संपली, तेव्हा समित्याही संपल्या. कारभार अधिकाऱ्यांकडे गेला आणि हक्कानं विचारावं असा आपल्या मंडलाचा माणूसच तिथे उरला नाही. तेव्हा कुठे समित्यांची किंमत मला कळली.

पुतण्याला म्हटलं, पुढच्या बैठकीची यादी मिळव आणि फोनवर मला वाचून दाखव. सावकाश वाच.